भाकरीला लाटणं

दिवाळी अंक घरात आला की आमची नात आधी त्यातलं भविष्य वाचते आणि मग अंक माझ्याकडे येतो. मी कामधंद्याचे लेख वाचते. फौजदार लिहितात, डॉक्टर लिहितात, एका अंकात तर पोस्टमनने लिहिलं होतं आणि त्याला नोकरीत तीन कुत्री चावली होती. स्वयंपाकवाल्या बाईने लिहिलेलं अजून माझ्या वाचनात नाही. आम्हाला चावत काही नाही, भाजतं तेवढं. म्हणून मी माझं या वहीत लिहिते आहे आणि ती कुणाला दाखवणार नाही. वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ वीस वेळा लिहिलेली आहे. अक्षर माझंच आहे, आणि ओळ फ्रेंच आहे. माझं शिक्षण पुणतांब्याच्या शाळेत चौथीपर्यंत. तेव्हा ती ओळ तिथे कशी आली ते सांगितल्याशिवाय पुढची पानं भरण्यात अर्थ नाही.

नगरला मी रूथबाईंकडे स्वयंपाकाला होते. बाहत्तरच्या दुष्काळाच्या अलीकडची आणि पलीकडची मिळून चार वर्षं. आम्ही केडगावात राहायचो, मालक एस.टी.च्या डेपोत कामाला. घरचं आवरून मी नगरला जायची आणि बाईंचं दोन वेळचं करून अंधार पडायच्या आत परतायची. बाई एकट्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना फ्रेंच यायचं. लहानपणी पुण्याला एका ननकडून शिकलेल्या. फ्रान्स कसा आहे, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "द्वारका, मी मुंबईसुद्धा दोनदाच पाहिली आहे."

मॅट्रिकला फ्रेंच घेतलं की मार्क चांगले पडतात अशी तेव्हा समजूत होती. शाळेत ते शिकवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून शाळा दर वर्षी सहा-सात मुली बाईंच्या घरी पाठवायची. चार वाजता मुली येऊन सतरंजीवर बसायच्या, समोर खुर्चीत बाई. मुलींच्या पाठीशी स्वयंपाकघराचं दार, आणि त्या दारातून बाईंना सरळ दिसेल अशी चुलीपुढे बसलेली मी. ही बसायची रीत ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

फ्रेंच क्रियापदांचं असं आहे. आपण मी जातो, तू जातोस, तो जातो, आम्ही, तुम्ही, ते असं सहा वेळा म्हणतो. त्यांच्यातही सहाच. बरीचशी क्रियापदं गरीब असतात. एक पाठ केलं की त्याच साच्यातून शंभर निघतात, सोऱ्यातून शेव निघावी तशी. पण रोज लागणारी, म्हणजे असणे, जाणे, करणे, म्हणणे, पिणे, ही सगळी साचा मोडून बसलेली. बाई त्यांना अनियमित म्हणायच्या. मी नाठाळ म्हणते. रोजच्या वापरातली भांडीच वाकडी होतात, हे बाईंचं त्यावरचं उत्तर. वर्तमानकाळातच एवढा पसारा, तर भूतकाळात काय असेल हे मी विचारलं नाही.

मला ती पाठ करायची नव्हती. पण रोज दीड तास सहा मुली सूर लावून तेच म्हणणार आणि माझे कान काही झाकून ठेवलेले नव्हते. मला पावकी-निमकी यायची, त्यातच हे जाऊन बसलं. एका क्रियापदाला सहा चपात्या, असं माझं माप होतं. पहिली लाटताना ज्, म्हणजे मी. दुसरीला त्यू, म्हणजे तू. हा आपल्याकडूनच नेला असणार अशी मला अजून शंका आहे. तो म्हणजे इल, आम्ही म्हणजे नू, तुम्ही म्हणजे वू, आणि ते म्हणजे पुन्हा इल. लिहिताना दोन इल वेगळे असतात म्हणे. मला लिहायचं नव्हतं.

शब्दही ओळखीचे वाटायचे. खाण्याला तुम्हीचं रूप वू माँझे. खायची गोष्ट निघाली की माझे माझे, हे जगात सगळीकडे सारखंच. ते जाणतात, याला इल साव. सगळं जाणणारे साव आमच्या गल्लीतही होते. मी पितो, याला ज् ब्वा. आमच्या शेजारी एक बुवा राहायचे आणि ते खरोखरच प्यायचे.

घरी भाकरी थापताना हे तोंडातून निघायचं. एकदा सासूबाईंनी ऐकलं. सुनेला ख्रिस्ती बाईनं मंतर दिला म्हणून त्यांनी माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, आणि मालकांना म्हणाल्या, "तुजी बायकू चुलीशी बोलतीया." मालक म्हणाले, चूल उलट बोलत नाही ना, मग बोलू दे. मी मुळात इतकी कमी बोलायची की कंडक्टरला उतरायचं ठिकाण सांगायलाही मला घाम फुटायचा. त्यामुळे त्यांना उलट बरंच वाटलं असावं.

आता मूळ गोष्ट. एका पावसाळ्यात माझ्या लक्षात आलं की मुली फार खुसखुसतात. त्या दिवशी जाण्याचं क्रियापद चालू होतं. ते खरं असं आहे: ज् वे, त्यू वा, इल वा, नू झालाँ, वू झाले, इल वाँ. एक मुलगी उठली आणि सरळ आवाजात म्हणाली, "नू झालो, वू झाले, इल मेले."

बाईंनी मान हलवली. "बरोबर. पुढची."

पुढचीनेही झालो, झाले, मेले म्हटलं. तिसरीनेही. मी तोंडात पदर कोंबून हसले. खोटं कशाला लिहू, पोट दुखेपर्यंत हसले. मग चौथ्या मुलीचेही मेले, आणि बाई तशाच शांतपणे मान हलवतायत, हे पाहिलं आणि मी तोंडातला पदर काढला. दूधवाला दारात दोनदा ओरडतो आणि बाई उठत नाहीत. मी आत भांडं पाडलं तरी वळून बघत नाहीत. हे सगळं मला दिसत होतं, पण मी ते त्यांच्या मोठेपणात धरलं होतं. बाईंना ऐकू येत नव्हतं. समोर तोंड करून, उजव्या कानाशी जाऊन बोललं तर यायचं. सतरंजीवरचं नाही.

मुली गेल्यावर मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. मेल्याचं काही मी सांगितलं नाही, तेवढं धाडस नव्हतं. एवढंच म्हटलं, "बाई, आज चौघी चुकल्या."

त्या माझ्या तोंडाकडे वळल्या. मग विचारलं, "तुला कसं कळलं?" मी खाली बघून जाण्याचं क्रियापद म्हणून दाखवलं. त्यांनी मला मान वर करून पुन्हा म्हणायला लावलं, कारण खाली बघितलं की त्यांना ओठ दिसत नव्हते.

मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली. सोलापूरला त्यांचा पुतण्या होता. चांगला होता, दर महिन्याला पत्र लिहायचा की आता एकट्या राहू नका, इकडे या. बाई म्हणाल्या, "तिथे मला खुर्चीत बसवतील आणि दर रविवारी पुसतील." मुली यायच्या म्हणून नगरला राहायला त्यांच्याजवळ कारण होतं. कान गेल्याचं शाळेला कळलं असतं तर मुली बंद, आणि मुली बंद झाल्या की सोलापूर. त्यांच्या मागे माझीही चूल विझली असती.

तोड मात्र मी काढली, हे मी अभिमानाने लिहिते. मुलगी बरोबर म्हणाली तर मी खाली मान घालून लाटत राहायचं. चुकली तर लाटणं वर धरायचं. मुलींची माझ्याकडे पाठ, बाईंचं तोंड माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मेले म्हणणारी पहिलीच मुलगी उठली, लाटणं वर गेलं आणि बाई म्हणाल्या, "बस खाली. पुन्हा पाठ करून ये." त्या मुलीचा चेहरा मला दिसला नाही, पण तिचे कान मागून लाल झालेले दिसले. त्यानंतर आठवडाभर कुणी मेलं नाही.

दोन वर्षं असं चाललं. मला यातले खड्डे ठाऊक झाले. सगळ्यात मोठा खड्डा तुम्हीच्या रूपात. वू आलं की शेवटी बहुतेक ए येतो: वू झाले, वू माँझे, वू सावे. फक्त तीन क्रियापदं ए सोडून त वर गेली आहेत. असणे, वू झेत. करणे, वू फेत. म्हणणे, वू दीत. हुशारातली हुशार मुलगी इथे घसरायची आणि वू दीझे म्हणायची, वू फझे म्हणायची. कानाला तेच गोड लागतं. मी लाटणं आधीच अर्धं उचलून बसायची.

दुष्काळात मात्र पंचाईत झाली. रेशनवर गहू मिळेना, मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापली की कडेने चिरायची, तो विषय वेगळा. भाकरीला लाटणं लागत नाही. तरी मी रोज चार वाजता लाटणं काढून मांडीशी ठेवायची आणि एका हाताने थापायची. हात वर करून बघितला, पण पिठाचा हात बाईंना लांबून ओळखू येईना. त्यांना लाटण्याची सवय झाली होती.

आता वाईट सांगते. मुलींमध्ये नलिनी म्हणून एक होती, वकिलांची. हुशार आणि ताठ. मुली चहा प्यायल्या की आपापला कप आत आणून ठेवायच्या, नलिनी सतरंजीवर सोडून जायची. एकदा तिने कपात बिस्किटाचा लगदा तसाच ठेवला आणि मला ऐकू येईल असं मैत्रिणीला म्हणाली की ठेव गं, ती बाई आहे ना. दुसऱ्या दिवशी ती उठली आणि म्हणण्याचं क्रियापद न अडखळता म्हणाली. नू दीझाँ, वू दीत, इल दीझ. अगदी बरोबर. मी लाटणं उचललं.

बाई म्हणाल्या, "तुम्हीचं रूप चुकलं. वीस वेळा लिहून आण."

नलिनी म्हणाली की नाही चुकलं. ते बाईंना ऐकू गेलं नाही. ती उभी राहिली, बाईंकडे बघत राहिली, बाईंच्या डोक्यामागच्या भिंतीकडे बघत राहिली, आणि बसली. तिने वीस वेळा लिहून आणलं. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली. दुसऱ्या दिवसापासून लागेना. खोटं माप देणाऱ्या दुकानदाराला आपण नावं ठेवतो, आणि मी काय केलं होतं? पण सांगायला जावं तर बाईंचा लाटण्यावरचा विश्वासच उडणार. मी गप्प बसले.

त्याच वर्षी उन्हाळा लागता लागता शाळेच्या मोठ्या बाई अचानक आल्या. कुणाच्या तरी आईने तक्रार केली होती की रूथबाई थकल्या, त्यांचं लक्ष नसतं, पुढच्या वर्षी मुली पाठवू नयेत. मोठ्या बाई स्वतः रूथबाईंच्याच हाताखाली शिकलेल्या. आदराने वागल्या, पण हातात क्रियापदांचं पुस्तक होतं आणि त्यात बोट घातलेलं होतं. म्हणाल्या, मी नुसती ऐकते, तुमचं चालू द्या. मग उकडतंय म्हणून त्यांनी स्टूल उचलला आणि वारा येतो तिथे, म्हणजे बरोबर स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. माझ्याकडे पाठ करून त्या बसल्या. त्यांची पाठ रुंद होती. त्या पाठीपलीकडे मला बाई दिसेनात, म्हणजे बाईंना मी दिसत नव्हते.

पहिल्या दोघी बरोबर म्हणाल्या. बाईंनी अंदाजाने मान हलवली असावी, "बरोबर" ऐकू आलं. तिसरी करण्याच्या क्रियापदाला उठली. ज् फे, त्यू फे, इल फे, नू फझाँ. मी लाटणं धरून उकिडवी बसले. ती म्हणाली, "वू फझे."

"बरोबर," बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंचं पुस्तकातलं बोट थांबलं. त्या हळूच म्हणाल्या, "रूथबाई, तुम्हीचं रूप तिने काय सांगितलं?" बाईंनी पुढच्या मुलीकडे बघितलं. त्यांना प्रश्न ऐकूच गेला नव्हता. मोठ्या बाईंनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. सतरंजीवर कुणी हलेना. तव्यावर माझी भाकरी करपायला लागली होती आणि मला सोलापूरची ती खुर्ची दिसत होती.

मी आयुष्यात चारचौघांत आवाज काढला नव्हता. तो कसा निघाला मला माहीत नाही. "वू फेत," मी ओरडले.

मोठ्या बाई वळल्या. "कोण बोललं?"

"मी बोलले," नलिनी म्हणाली.

"तू माझ्यासमोर बसली आहेस. आवाज मागून आला."

त्या स्टुलावरच पूर्ण फिरल्या आणि त्यांनी मला पाहिलं. मी लाटणं झेंड्यासारखं वर धरून बसलेली. त्या आधी लाटण्याकडे बघत राहिल्या, मग तव्यावरच्या काळ्या भाकरीकडे.

"भाकरीला लाटणं कधीपासून लागायला लागलं?"

मी लाटणं खाली घेतलं नाही. त्या वळताना स्टूल बाजूला सरकला होता आणि वाट मोकळी झाली होती. बाईंना लाटणं दिसलं आणि त्या खुर्चीतून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "फेत. वू फेत. किती वेळा सांगायचं?" मुलींना हसू फुटलं. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा लाटण्याकडे पाहिलं, एकदा रूथबाईंकडे, आणि त्यांना सगळं कळलं हे मला कळलं.

त्यांनी मला बाहेर बोलावलं. विचारलं की हे एकच येतं की आणखी येतात. आणखी येतात म्हणून मी मान हलवली. म्हणाल्या, जाण्याचं म्हणा. मला तिथे उभं राहून तोंड उघडेना. मी म्हटलं, "आत जाऊन म्हंते." मी दाराआड गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि धडाधड म्हणायला लागले. ज् वे, त्यू वा, इल वा, नू झालाँ, वू झाले. आणि दोन वर्षांपूर्वी ज्याला मी पोट धरून हसले होते तेच नेमकं जिभेवर आलं.

"इल मेले."

 मग आधी मोठ्या बाईच हसल्या. तोंडावर पुस्तक धरून हसल्या, त्यांच्या मागून मुली. मी दाराआडून डोकावले तर रूथबाई एकेकीच्या तोंडाकडे बघत विचारत होत्या, "काय झालं? काय झालं?" कुणी सांगेना. मग मलाच जाऊन उजव्या कानाशी सांगावं लागलं, तेव्हाच्या मुलींनी दोन वर्षांपूर्वी काय केलं होतं ते सुद्धा.

बाईंनी मुलींवरून नजर फिरवली. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे एवढी माणसं मेली आणि मी पुढची, पुढची करत बसले?" आणि त्याच सगळ्यांत जास्त हसल्या.

मोठ्या बाई जाताना उंबऱ्यात थांबल्या. म्हणाल्या, "मुली येतील. पण यांना चुलीपाशी नका बसवू. इथे तुमच्या उजव्या हाताला बसवा आणि काय ते कानात सांगू द्या. निदान भाकरी तरी करपणार नाही."

मुली गेल्या. मी तवा घासत होते तर मोरीत कप ठेवल्याचा आवाज झाला. नलिनी उभी होती. स्वतःचा कप तिने आत आणला होता, धुतला मात्र नव्हता. ती म्हणाली, "द्वारकाबाई, त्या दिवशी माझं वू दीत बरोबर होतं ना?"

"व्हय," मी म्हटलं.

"मला तेव्हाच कळलं होतं. बाईंच्या मागे येशूचा फोटो आहे ना, त्याच्या काचेत लाटणं दिसलं."

मी विचारलं की मग कुणाला सांगितलं का नाही. ती म्हणाली, "सांगितलं असतं तर बाई गेल्या असत्या. मग मी पेपरात काय लिहिलं असतं, मेले?" आणि चपला घालून निघून गेली. माफी तिने मागितली नाही, मलाही मागता आली नाही.

मग मात्र मला राहवेना. मी जाऊन बाईंना खोट्या लाटण्याचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा पुसला. कपाटातून एक कोरी वही काढली, पहिल्या पानावर वर वू दीतची ओळ लिहिली आणि वही माझ्यापुढे सरकवली. "वीस वेळा. खोटी शिक्षा दिलीस, आता खरी भोग."

मी म्हटलं, मला फ्रेंच अक्षरं येत नाहीत. त्या म्हणाल्या, भाकरी येत नव्हती तेव्हा काय केलंस, बघून बघूनच शिकलीस ना. मी बसले. एस.टी. चुकणार हे दिसत होतं. प्रत्येक अक्षर मी रांगोळीच्या ठिपक्यासारखं काढत गेले. दहाव्या ओळीला मला शंका आली. वू दीत एवढंसं, आणि अक्षरं ही एवढी? शेवटी तर सापासारखं एक वाकडं अक्षर होतं, त्याचा कुठे आवाजच नव्हता. मी त्यावर बोट ठेवून बाईंना विचारलं, हे कशाला.

"ते असतं," बाई म्हणाल्या. "लिहायचं, पण ते बोलत नाही. तुझ्यासारखं."

मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "आज बोललं की, बाई."